नाव माझ्या तोंडून निघालं

आधी मूर्खपणा

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच साध्वी समजणार नाही.

चोवीस वर्षं मी अंगणवाडीत होते. भिंतीवर एक तक्ता होता: पोर आजारी पडलं तर भगताकडे नको, आधी दवाखान्यात. तो तक्ता मीच छडीने दाखवायचे. एका आईने ऐकलं नाही म्हणून तिला सगळ्या बायांसमोर असं झाडलं होतं की ती पोर काखेत मारून पळतच सुटली. आणि माझ्या स्वतःच्या छातीत गाठ निघाली, डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, सुरतला ऑपरेशनची तारीखही मिळाली, तेव्हा ही शहाणी बाई पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून तोरणमाळचा घाट चढली आणि भगतापुढे मांडी घालून बसली. त्यातून ख्रिस्ती. रविवारी मंडळीत पुढच्या रांगेत बसणारी.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते आणि मला वाटायचं, आता आपल्याला सगळं कळतं. आज सहासष्टाव्या वर्षी त्या पोरीची कीव येते. पोरगीच होती ती, नुसते केस पांढरे.

त्या चढणीचं फळ मला मिळालं नाही. एका बाईचा हात मोडला, तिचं घर जळालं. माझ्या नवऱ्याचा जबडा मोडला. मी मात्र बरी झाले. असा न्याय.

आमच्या घरात भिलोरी चालते. लोकांचं बोलणं मी इथे मराठीत उतरवलं आहे, अहिराणी तेवढी तशीच ठेवली. शिव्या तेवढ्या गाळल्या, त्या मराठीत बसत नाहीत.

हळू बोलता न येणारा माणूस

माझा नवरा दाविद हातपंप दुरुस्त करायचा. शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला जेवढे पाडे आहेत तेवढ्यांचे पंप त्याने कधी ना कधी उघडले आहेत. तीस-पस्तीस वर्षं लोखंडावर लोखंड आपटून त्याचे कान गेले, त्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. पण खरी अडचण कानाची नव्हतीच. कान चांगले होते तेव्हाही तो असाच होता.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. तो तेव्हा प्यायचा. एका गुरुवारी त्याने मला मारलं, ओठ फाटला. रविवारी मी सगळ्यांना सांगितलं की शेणावरून पाय घसरला आणि उंबऱ्यावर आपटले. गोष्ट झकास रचली होती, शेण कोणत्या गाईचं तेसुद्धा सांगितलं. आणि प्रार्थनेच्या वेळी हा उभा राहिला. "मार्था घसरली नाही. मी पिऊन आलो आणि तिला मारलं. तुम्ही सगळ्यांनी मला ओळखून असा."

लाज त्याला वाटायला हवी होती, वाटली मला. घरी येऊन मी भांडले, "कोणी विचारलं होतं तुला?"

"कोणी विचारलं नाही म्हणून तर सांगितलं," तो म्हणाला. "विचारल्यावर तर चोरही सांगतो."

त्यानंतर त्याने बाटली उचलली नाही आणि हातही उचलला नाही. यासाठी मी त्याला ओवाळणार नाही, हात उचलायचा हक्क मुळात नव्हताच. पण एवढं समजलं की या माणसाला आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन खोल्या नाहीत. एकदा एक साहेब म्हणाला, बंद पंपापुढे 'चालू' लिही. याने लिहिलं, 'बंद. बाया नाल्याचं पाणी पितात.' मग तीन वर्षं धडगावच्या डोंगरात बदली. मी त्याला मूर्ख म्हणायचे. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे दार नसलेल्या न्हाणीघरात आंघोळ करण्यासारखं आहे.

कागद

गाठ होळीच्या आधी सापडली. आंघोळ करताना, डाव्या बाजूला, चिंचोक्याएवढी. मी कोणाला सांगितलं नाही. घट्ट पोलकं घालायला लागले, जणू गाठ घाबरून आत जाईल. दिवाळीपर्यंत ती लिंबाएवढी झाली आणि पोलक्यावर रक्ताचा डाग आला. डाग दाविदने पाहिला.

शहाद्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या मुलीने विचारलं, काय होतंय? मी हळूच म्हटलं, "ताप येतो." मागून हा गरजला, "ताप नाही! हिच्या छातीत गाठ आहे! डावीकडे!"

बाकांवरची सगळी माणसं वळली. मी पदर तोंडात कोंबला. मनात आलं, घरी गेल्यावर याच्याच पान्याने याचं डोकं फोडते. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी सरकून जवळ आली. "मन्ही भावजाईले बी तशीच व्हती व माय. सुरतले नेयं तिले. आते बठ्या घरनी भाकरी टाकी ऱ्हायनी ती." ती भावजय आता सगळ्या घराच्या भाकऱ्या थापते म्हणे. म्हातारीनेच सुरतच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी तापच सांगत बसले असते तर तापाच्या गोळ्या घेऊन घरी आले असते, हे मला पुष्कळ नंतर सुचलं.

सुई टोचली, आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरने तो शब्द उच्चारला, तेव्हा त्याच्या टेबलावरून एक मुंगी चालली होती. तो पुढे काय बोलला मला ठाऊक नाही. ती मुंगी टेबलाच्या कडेला पोचली आणि खाली उतरली, एवढं ठाऊक आहे.

गुरुवारच्या प्रार्थनेला दाविदने मंडळीत उभं राहून सांगितलं, "मार्थाला कॅन्सर आहे. अकरा दिवसांनी डावी छाती काढणार. प्रार्थना करा." पुरुषांसमोर! मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. आणि न बोलणारी बाई काय करते? विचार करते. सुरी, रक्त, एका बाजूला सपाट झालेलं अंग. बाईपण कापून बादलीत टाकतील आणि बादली कोणीतरी बाहेर ओतेल, असं दिवसरात्र दिसायचं. पाचव्या दिवशी दाविद एका दूरच्या पाड्याला पंप उघडायला गेला आणि मी दिराच्या मुलाला, दिलीपला, हाक मारली.

दाणे

दिलीप कळसाडीकडे ऊसतोडीला जायचा. तापट, पण माझ्यावर जीव. मी त्याला लहानपणी अंगणवाडीत खिचडी भरवली आहे. मी म्हटलं, "काकाला सांगू नकोस." तो म्हणाला, "काकी, तू बस मागे." घाटातल्या प्रत्येक वळणाला ती गाठ आतून लाथ मारायची.

भगत म्हातारा होता, डोळ्यांत फूल पडलेलं. लबाड वाटला नाही. मला तर तो माझ्याहून थकलेला दिसला. त्याने कौल बघायला सुपात ज्वारीचे दाणे टाकले, जोड्या लावल्या, पुन्हा टाकले. दिलीप बाहेर मोटरसायकलपाशी बिडी ओढत होता.

भगताने विचारलं, "हल्ली कोण येऊन तुझ्याकडे निरखून बघून गेलं?"

आणि मी म्हटलं, "रेलीबाई."

एवढंच. एवढंच घडलं. रेलीबाई माझी शेजारीण, विधवा, मूलबाळ नाही, चार शेळ्या आणि तिखट तोंड. आदल्या दिवशी ती ताक मागायला आली होती. माझ्याकडे नीट बघून म्हणाली होती, "मार्था, किती वाळलीस गं! काय होतंय तुला?" माझ्या अंगणातून शंभर माणसं येत-जात होती. विचारलं फक्त तिने. म्हणून तिचं नाव माझ्या ओठावर होतं.

भगताने पुन्हा दाणे टाकले. या वेळी जोड्या जुळल्या. तो मोठ्याने म्हणाला, "रेली." ते दिलीपने बाहेर ऐकलं.

उतरताना त्याने मान वळवून विचारलं, "रेलीच ना काकी?"

"ऐकलंस ना," मी म्हटलं. "दाण्यांत निघालं."

बुधवार

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, पाडा अर्धा रिकामा होता, लोक बाजाराला गेलेले. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. दिलीप आणि आणखी चौघं पिऊन आले आणि त्यांनी रेलीबाईला शेळ्यांच्या गोठ्यातून केस धरून ओढत बाहेर काढलं.

मी घरात खाटेवर होते. दार बोटभर उघडं होतं.

पहिल्यांदा शेळी ओरडली आणि मध्येच थांबली. मग लाथांचा आवाज. माणसाच्या अंगावरच्या लाथेचा आवाज ओल्या पोत्यावर पडल्यासारखा येतो. दिलीप ओरडत होता, "मार्थाकाकीला सोड! सोड म्हणतो ना डाकणी!" दर फटक्याला माझं नाव घेतलं जात होतं. तिच्या डोळ्यांत मिरची घातली. कुऱ्हाडीच्या दांड्याने मनगटावर मारलं.

आणि ती मला हाक मारत होती. "मार्था! ए मार्था! बाहेर ये! सांग यांना!"

मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

पुष्कळ बाया मला म्हणतात, तुम्ही कॅन्सरशी लढलात, किती धीट. मी ऐकून घेते. धीट बाई त्या सकाळी गोधडीखाली होती.

दाविदची मोटरसायकल आली. त्याने ती चालू असतानाच टाकून दिली, ती तशीच आडवी पडून घरघरत राहिली. तो त्यांच्यात घुसला आणि रेलीबाईच्या अंगावर पालथा पडला. दोन-चार फटके त्याच्या पाठीवर बसले, मग कोणीतरी म्हणालं, "अरे, पंपवाला आहे." दिलीप म्हणाला, "काका, बाजूला हो. तुझ्याच बायकोसाठी चाललंय."

त्याने तिला उचललं, फडक्याने स्वतःच्या पाठीला बांधलं आणि दवाखान्यात नेलं. तो परत येईपर्यंत तिचं घर जळून गेलं होतं.

रक्ताने माखलेला सदरा न काढता तो माझ्यासमोर बसला. "तू भगताकडे गेली होतीस?"

"हो."

"नाव कोणी काढलं?"

"दाण्यांत निघालं," मी म्हटलं. लग्नाची एवढी वर्षं जो माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही, त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

पंच

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीच्या कमिटीतले दोन वडीलधारे आले. दाविदही त्याच कमिटीत होता. म्हणाले, "दाविद, मारामारीचं काय ते बोल, पण मार्था भगताकडे गेली हे बोलू नकोस. लोक हसतील. मंडळीचं नाव जाईल."

"माझ्या बायकोच्या खोट्यावर उभं असेल तर जाऊ दे ते नाव," तो म्हणाला. तेही गावभर ऐकू गेलं.

दुपारी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. मी बायांच्या मागे उभी होते. दाविद उभा राहिला. खांद्याला त्याची अवजारांची पिशवी.

"आग माझ्या घरातून निघाली," तो म्हणाला. "माझी बायको भगताकडे गेली. तिला कॅन्सर आहे, डॉक्टरचा कागद हा बघा. कॅन्सर कोणी नजरेने लावत नाही. रेलीबाईचा काही दोष नाही. तिला मारणाऱ्यांत माझा पुतण्या आहे. मी ठाण्यात जाऊन त्याचं नाव लिहून देणार आहे. आधी तुम्हाला सांगतो, मागाहून नको."

"सख्ख्या पुतण्याचं?" पंचांतला एक म्हणाला.

"दुसऱ्याचा असता तर दिलं असतंच ना?"

दिलीपची लाठी कधी आली ते मला दिसलं नाही. वाळलेली तुरकाठी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. दाविद खाली बसला, तोंडाशी ओंजळ धरली आणि ओंजळीत दात थुंकला. मग दुसरा. मग त्याने पिशवीत हात घातला आणि हातभर लांबीचा पाना बाहेर काढला.

लोक मागे सरले. दिलीपसुद्धा. त्या पान्याने तो गंजलेले पाइप फिरवायचा, माणसाची कवटी म्हणजे काहीच नाही. आणि मी, येशूची लेक, मनात म्हणत होते, मार! घाल डोक्यात!

त्याने पाना जमिनीवर ठेवला आणि पायाने पंचांकडे सरकवला. पुन्हा उभा राहिला. जबडा एका बाजूला लोंबत होता. "रेली..." एवढंच म्हणाला, आणि तोंडातून रक्ताचा लोट आला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. बायांच्या रांगेतून दोन पावलं पुढे यायचं होतं, बस. मी पदराचं टोक चावत उभी राहिले.

दोन खाटा

नंदुरबारला त्याच्या जबड्याला तार घातली. दोन ठिकाणी मोडला होता. वरचे दात खालच्या दातांना बांधून टाकले, आठ आठवडे. तशा तोंडानेही त्याने ठाण्यात कागदावर लिहून तक्रार दिली आणि मला सुरतला घेऊन गेला. माझी तारीख त्याने चुकू दिली नाही.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कोणीतरी निखाऱ्यांची पाटी उपडी केल्यासारखं वाटलं. बगलेतून नळी, नळीला बाटली, बाटलीत लाल पाणी. ती बाटली घेऊन संडासला जायचं. सकाळी सहाला झाडूवाली, सातला चहा, आठला ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या गाडीचं एक चाक वाजायचं. ते वाजलं की आख्खा वॉर्ड ओठ आवळून घ्यायचा. हात वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चालवत चढवायची, रोज थोडी वर. शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बाईबरोबर मी पैज लावायचे, कोणाची बोटं आधी खिळ्याला टेकतात. मी दोनदा फसवून जिंकले.

बायांनो, एक सांगते. पहिल्यांदा पट्टी निघाली तेव्हा मी खाली बघितलं नाही. दाविदने बघितलं. खूप वेळ बघितलं, मग एक बोट वर केलं आणि स्वतःच्या बांधलेल्या तोंडाकडे दाखवलं. तुझं एक गेलं, माझं एक गेलं. मी हसले आणि टाके ओढले गेले म्हणून किंचाळले. नर्स धावत आली आणि आम्हा दोघांनाही रागावली.

घरात गरजणारा माणूस आता नळीने वरणाचं पाणी ओढत शेजारी बसायचा. एवढी शांतता मी लग्नात कधी अनुभवली नव्हती आणि ती मला सोसेना. तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी वॉर्ड पेंगत असताना, मी त्याला सगळं सांगितलं. तो ओरडू शकणार नाही हे बघूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू. भगताने विचारलं, मी नाव दिलं. दाण्यांना नाव ठाऊक नव्हतं. ती मला हाक मारत होती आणि मी गोधडीत होते.

त्याने एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेतलं आणि लिहिलं, 'रेलीला सांगितलंस?'

"नाही."

त्याने लिहिलं, 'मग मला कशाला सांगतेस?'

आणि पाठ फिरवून बसला. जबडा मोडला तेव्हा रडला नव्हता. आता त्याची पाठ हलत होती.

टक्कल

मग पहिली किमो. त्या लाल औषधाला वॉर्डात सगळे नावं ठेवतात. शिरेतून वर चढताना ते समजतं, आणि संध्याकाळपर्यंत पोटात कोणीतरी लाथा घालायला लागतं. मी ओकले, पित्त ओकले, मग नुसतीच ओकायची नक्कल करत राहिले. तोंड आतून सोललं. पंधराव्या दिवशी केस उशीवरच राहिले. नात रूथ तेव्हा लोणखेड्याला कॉलेजात शिकत होती, ती सुट्टी काढून सुरतला आली आणि तिने माझं डोकं भादरलं. म्हणाली, "आजी, तुझं डोकं अगदी भोपळा आहे." मी म्हटलं, "आत बिया आहेत का बघ, आजवर शंका होती."

तिनेच बातमी आणली. दिलीप जामिनावर सुटला होता. रेलीबाई भावाच्या पाड्यावर होती. उरलेल्या शेळ्या न्यायला आली तेव्हा तिला शिवेवर दगड मारले. दिलीप उघड म्हणत फिरत होता, "दाण्यांत नाव निघालंय. दाणा खोटा बोलत नाही. परत आली तर होळीच्या आत संपवतो." आणि गाव त्याला अडवत नव्हतं, कारण दाणा खोटा बोलत नाही हे गावालाही पटत होतं.

दाविदने माझ्याकडे बघितलं. तारेतून एक शब्द जात नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात बोलणारं तोंड एकच होतं, आणि ते माझं होतं.

पुढच्या किमोला सहा दिवस होते, आम्ही पाड्यावर परतलो. बुधवारी, बाजाराचे लोक परतायच्या वेळी, मी पाड्यातल्या हातपंपाच्या ओट्यावर चढले. डोक्याला रूमाल. दाविद खाली उभा.

"ऐका," मी म्हटलं. आवाज अंगणवाडीचा लावला, तो अजून शिल्लक होता. "दाण्यांत नाव निघालं नाही. भगताने विचारलं, कोण येऊन बघून गेलं, आणि रेलीचं नाव मी दिलं. मी. या तोंडाने. दिलीप, तू बाहेर बिडी ओढत होतास, तुला शेवटचं तेवढं ऐकू आलं. माझी गाठ सुरतच्या डॉक्टरने कापून काढली. आत रेली नव्हती."

कोणीतरी शेण फेकलं, ते माझ्या खांद्यावर बसलं. दिलीप गर्दीतून वर आला. त्याचं तोंड पोरासारखं झालं होतं, खिचडी सांडल्यावर व्हायचं तसं. "खोटं बोलतेस काकी. काकाने पढवलंय तुला." आणि त्याने माझ्या कानाखाली मारली.

रूमाल उडाला. मी ओट्यावरून खाली पडले, टाक्यांच्या बाजूवर. उठले तेव्हा सगळं गाव माझ्या टकलाकडे बघत होतं.

"अजून बघायचंय?" मी ओरडले आणि पोलक्याला हात घातला. "या पुढे! रेलीने खाल्लेली जागा दाखवते! टाके आहेत, दात नाहीत! या की रे!"

पुरुषांनी माना खाली घातल्या. दाविदने तोंड उघडायचा जोर केला, तारा ताणल्या गेल्या आणि जनावरासारखा एक आवाज आला. पण त्याच्याआधी माझी जाऊ, दिलीपची आई, पुढे झाली. तिने मुलाच्या हातातली लाठी हिसकली आणि त्याच्याच पाठीत घातली. एकदा, दोनदा, मोडेपर्यंत. "हिच्यासाठी मारलंस ना एकीला? आता हिलाच मारतोस?" मग खाली बसून तिने हंबरडा फोडला.

त्याच दिवशी मी ठाण्यात गेले. हवालदाराने दोनदा लिहिलेलं वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "आजी, तू सोतावरच फिर्याद लिखी ऱ्हायनी का?"

"हो," मी म्हटलं. "नाव नीट लिहा."

केस अजून चालू आहे. तिच्यात दिलीपचं नाव आहे आणि माझंही. जाऊ माझ्याशी बोलत नाही. मंडळीने दाविदला कमिटीतून काढलं, मग वर्षाने परत बोलावलं, तो गेला नाही, मागच्या बाकावर बसतो. किमो सगळ्या पुऱ्या केल्या. केस आले ते कुरळे आले, तरुणपणी हवे होते तेव्हा आले नाहीत. दाविदची तार निघाली, पण डाव्या बाजूने अजून भाकरी चावता येत नाही. गरजणं मात्र परत आलं आहे.

रेलीबाई

पंपावर बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या भावाच्या पाड्यावर गेले. गावाला सांगणं सोपं होतं, हे तिथे चालत जाताना कळलं.

ती अंगणात बसून तूर पाखडत होती, एका हाताने. दुसरं मनगट वाकडं जुळलं होतं. मिरचीने एक डोळा अजून लाल होता. तिने मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ताक मागायला आली होतीस ते. तूच एकटीने विचारलंस ते. नाव मी दिलं ते. तुझी हाक ऐकू येत होती ते. माफी हा शब्द मी उच्चारला नाही, तो शब्द तिच्या अंगणात फार छोटा दिसला असता.

तिने सूप मांडीवर ठेवलं. माझ्या टकलाकडे बघितलं, मग सपाट बाजूकडे, मग पुन्हा तोंडाकडे. आणि म्हणाली:

"मार्था, मी खरंच डाकीण असते ना, तर तुझी छाती कशाला खाल्ली असती? आधी जीभ खाल्ली असती."